रोज चार अंडी

१८ ऑगस्ट

ताई,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि तुझ्या शिवणाच्या दुकानाचा मालक शेजारी कान टवकारून उभा असतो, म्हणून लिहिते. अर्धवट वाचून फाडू नकोस. पूर्ण वाच आणि मग फाड.

आबांना मी पळवून आणलेलं नाही. खुब्याचं हाड मोडलं, तिकडे ते ऑपरेशन होत नव्हतं, इथे झालं. आणि तू दर पत्रात विचारतेस, "आबा कधी येणार?" जणू मी कोणाची इस्त्री उसनी आणलीय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, उंचसखल जमिनीवर पाऊल टाकायचं नाही. आपल्या परसात काय आहे? चिखल, घाण, सांडलेला दाणा, आणि पायांत घुटमळणाऱ्या सात कोंबड्या. त्यांच्यापायीच ते पडले. तुला झोंबेल, पण खरं आहे ते.

मी या कोंबड्यांबद्दल जरा वाचलं. कोंबडी पहिली दोन-तीन वर्षं नीट अंडी देते. पुढे दर वर्षी कमी कमी होत जातं. जगते मात्र आठ-आठ, दहा-दहा वर्षं. म्हणजे निम्म्याहून जास्त आयुष्य नुसती बसून खाते. तुझ्याकडच्या दोघी तर सहा वर्षांच्या झाल्या. कशासाठी पोसतेस?

सकाळी डोळे उघडले की आबांचा पहिला प्रश्न, "आज किती अंडी निघाली असतील गं?" मी दातांच्या दवाखान्यात दिवसभर फोन उचलणारी बाई, मला काय माहीत किती निघाली असतील! त्या कोंबड्या तिथे आहेत तोवर त्यांचा जीव इथे रमणार नाही. तू त्या देऊन टाक कोणाला तरी. एकदा कळलं की तिकडे काही उरलं नाही, की ते आपोआप इथले होतील. खोली आहे, लिफ्ट आहे, गॅलरी आहे. आणखी काय पाहिजे?

छोटी

---

२५ ऑगस्ट

छोटे,

पूर्ण वाचलं. दोनदा वाचलं. फाडलं नाही, कारण हे पत्र आबांना दाखवायचंय एक दिवस.

"तिकडे काही उरलं नाही" म्हणजे? मी आहे की इथे! मी उरलेय. का मलाही देऊन टाकायचंय कोणाला तरी?

आणि पडण्याचं म्हणशील तर नीट ऐक. आबा कोंबड्यांमुळे पडले नाहीत. मागच्या दाराची पायरी तुटली होती, तिच्यावरून पडले. ती पायरी मी बांधून देतो असं कोण म्हणालं होतं? आपले जावईबापू! सिमेंटची गोणी आणून टाकली, फोटो काढला, आणि गेले. ती गोणी आतल्या आत दगड होऊन बसलीय. आबा त्या गोणीवर बसून दाणा टाकायचे. तेव्हा आमच्या कोंबड्यांना बोल लावायच्या आधी घरात विचार.

तू वाचलंस म्हणे. वाचलंस ते खरंच आहे. आबांना ते न वाचताच माहीत आहे. कारखान्यातली फिटरची नोकरी संपली त्या वर्षी त्यांनी पहिली कोंबडी आणली. तेव्हापासून एकही कापली नाही. अंडी बंद झाली की म्हणतात, "ही आता पेन्शनर," आणि सगळ्यांच्या आधी तिच्यापुढे दाणा टाकतात. मास्तरीण आणि राणीसाहेब या दोघी आता पेन्शनर. मास्तरीण अंगणभर इन्स्पेक्शन करत हिंडते, राणीसाहेब सावली सोडत नाहीत. बाकीच्या पाच अजून घालतात. तांबडी तर गेल्या आठवड्यात एकही दिवस चुकली नाही. हे सांग आबांना.

दिवसभर मी शाळेच्या गणवेशांना बाह्या जोडते. संध्याकाळी घरी येते तेव्हा माझ्याशी बोलायला या सातजणीच असतात. बसून खाणाऱ्यांचा हिशेब मला शिकवू नकोस. कोंबड्या इथेच राहणार, आणि हाड जुळलं की आबाही इथेच येणार. त्यांनी मला तसं सांगितलंय जाताना, गाडीच्या खिडकीतून.

आबांसाठी वेगळा कागद सोबत आहे. तो न उघडता त्यांच्या हातात दे.

ताई

---

९ सप्टेंबर

ताई,

तुझं बोलणं म्हणजे सुईने टोचून टोचून कापड फाडणं. असो.

पायरीचं ह्यांना फार लागलं. पुढच्या महिन्यात कामासाठी ते तिकडे येणार आहेत, तेव्हा ती बांधून देतील. शेजारच्या काकूंकडे किल्ली असतेच. मी मधला मार्ग सुचवते. आबांच्या समाधानासाठी दोन कोंबड्या ठेव. बाकीच्या हे घेऊन जातील आणि त्यांची सोय लावतील. दोन कोंबड्या म्हणजे पसारा नाही, पायांत येणं नाही, आणि आबा विचारतील तेव्हा खोटंही बोलावं लागणार नाही.

महिनाअखेरपर्यंत तुझं उत्तर आलं नाही तर तुला हे पटलं असं मी धरते.

छोटी

---

२० ऑक्टोबर

छोटे,

मी उत्तर दिलं नाही कारण मला राग आला होता. रागाने गप्प बसलेल्या माणसाला तू "हो" म्हणालेलं धरतेस? लहानपणापासून तुझं हेच. माझ्या ताटातलं उचलताना म्हणायचीस, "ताई काही बोलली नाही, म्हणजे चालेल."

काल दुकानातून आले. मागच्या दाराला पायरी होती. नवी, गुळगुळीत, वर फळी ठेवलेली, कोणी ओल्यात पाय देऊ नये म्हणून. आणि खुराड्यात दोघी. काकू म्हणाल्या, "तुमचे जावई आले होते, पाचजणींना गोणीत घालून घेऊन गेले. तुम्हाला माहीत आहे म्हणाले." मी तशीच चौकातल्या चिकनवाल्याकडे धावले. पिंजरा धुवून पालथा घातला होता.

आता तुझ्या नवऱ्याने काय केलं ते ऐक, कारण हे तुझ्या वाचनात आलेलं दिसत नाही. हे दिवस कोंबड्यांचे पिसं गाळायचे. ज्या अंडी देत नाहीत त्या लवकर पिसं गाळून मोकळ्या होतात आणि या दिवसांत नव्या पिसांत नटून फिरतात. ज्या शेवटपर्यंत अंडी घालत राहतात त्यांची पिसं उशिरा जातात. मान उघडी पडते, शेपूट झडते, पाय फिके पडतात, नुसतं चिरगूट दिसतं. आपलं सगळं अंड्यांत घालून झालेलं असतं त्यांचं. तांबडीची मान तर अशी झाली होती की बघवत नव्हतं.

जावईबापूंनी छान छान दोन निवडून ठेवल्या. मास्तरीण आणि राणीसाहेब! दोघी पेन्शनर! आणि घर चालवणाऱ्या पाच जणी गोणीत भरून नेल्या, का, तर दिसायला वाईट. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मला त्यांच्यापेक्षा तुझा राग येतो. ते परके. तू याच अंगणात वाढलीस.

मी स्वतः हल्ली आरशात बघत नाही, छोटे. केस गेलेत, हात सुयांनी खरबरीत झालेत. जावईबापूंनी मला घरात पाहिलं नाही हे बरं झालं. त्यांच्या गोणीत जागा होती.

आबांना काय सांगायचं ते आता तूच सांग. मी सांगणार नाही आणि लपवणारही नाही.

ताई

---

२८ ऑक्टोबर

ताई,

शेवटची ओळ वाचून मला रडू आलं आणि मग प्रचंड राग आला. कोंबड्यांवरून स्वतःवर येतेस, आणि मी खलनायिका! ह्यांना वाटलं त्या पाच रोगट आहेत. आजार पसरेल म्हणून नेल्या. चुकलं. मला पिसांचं माहीत नव्हतं, त्यांना तर नव्हतंच. तू कधी सांगितलंस मला? तू आणि आबा परसात बसून गुजगोष्टी करायचात, मी आत अभ्यास करायचे. मला त्या अंगणातलं काय दिलंत तुम्ही दोघांनी?

आबांना अंघोळ मी घालते. त्यांना त्याची लाज वाटते, मग ते माझ्यावरच खेकसतात, "थोरली असती तर पाणी एवढं गरम नसतं काढलं." ऐकून घेते. तू पाच कोंबड्यांसाठी रडतेस. मी ह्या माणसाला पलंगापासून दारापर्यंत चालवताना रडते.

आणि आत्ताच कुठे त्यांनी वॉकर हातात धरलाय. धरलाय तो कोंबड्यांसाठी. "परसात जायचंय" म्हणतात आणि एक पाऊल टाकतात. व्यायाम शिकवायला येणारी बाई म्हणाली, आता मन खचलं तर हे पुन्हा उठायचे नाहीत. कळतंय का तुला? तांबडी गेली असं आज सांगितलं तर वॉकर भिंतीवर फेकतील आणि पलंग धरतील, तो कायमचा.

तेव्हा राग बाजूला ठेव आणि त्यांना एक कागद लिही. सगळ्या मजेत आहेत, तब्येती उत्तम, रोज चार अंडी निघतात. चारच लिही, कमी नको, त्यांना हुरूप यायला पाहिजे. एवढं तरी कर. नंतर मला हव्या तेवढ्या शिव्या दे.

छोटी

---

१० नोव्हेंबर

छोटे,

तू सांगितलंस तसंच लिहिलंय. एकही शब्द माझा नाही. दे त्यांना.

ताई

(आबांसाठी कागद)

आबा,

इकडे सगळं ठीक. पायरी नवी झाली, जावईबापूंनी बांधली. सगळ्या कोंबड्या मजेत आहेत आणि तब्येती उत्तम आहेत. मास्तरीण तशीच हिंडते. रोज चार अंडी निघतात. कालही चार, आजही चार. शेजारच्या काकूंना दोन-दोन देते, तरी उरतात. तुम्ही काळजी करू नका. चालायचा व्यायाम करा. माझी प्रकृती बरी आहे.

थोरली

---

२४ नोव्हेंबर

ताई,

मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तुझ्या कागदाने जे केलं ते महिनाभराच्या गोळ्यांनी केलं नव्हतं. आबांनी तो एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. मला म्हणाले, "वॉकर आण." त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ चालतायत. आता काठीवर आलेत. परवा जिना! खाली उतरले, वर आले, पुन्हा उतरले. कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले, पण थांबेनात. मी टाळ्या वाजवल्या. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, असा जिद्दी पेशंट पाहिला नाही.

आणि अंड्यांचं विचारणं एकदम बंद! एक दिवसही नाही. म्हणजे समाधान झालं त्यांचं. आता तुझी चौकशी करतात सारखी. "थोरलीचा फोन आला का? आवाज कसा होता?" मी म्हणते, मजेत आहे. खरं सांगू, तुझं नाव काढलं की मला त्यांच्याकडे बघवत नाही, त्या पाचजणी आठवतात. काल ह्यांना बसच्या वेळा विचारत होते. तुला इकडे बोलवायचं असेल. ये चार दिवस. भांडू समोरासमोर.

छोटी

---

१ डिसेंबर

ताई,

आबा घरात नाहीत. दवाखान्यातून आले तर दार ओढलेलं, त्यांची काठी नाही, पिशवी नाही. तुझ्या दुकानाचा फोन कोणी उचलत नाही. हे तिकडे येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हातात देतेय. तिकडे आलेत का? आले नसतील तर मी काय करू?

छोटी

---

४ डिसेंबर

छोटे,

तुझी चिठ्ठी ड्रायव्हरने आणून दिली तेव्हा मी मागच्या दारात खुर्ची टाकून बसलो होतो. पोचलो. हाड जागेवर आहे. थोरलीने त्याच दिवशी तुझ्या दवाखान्यात फोन केला, तेव्हा तुझा जीव भांड्यात पडला असेल. माझा अजून पडलेला नाही. पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. तो आज हातून लिहवत नाही.

तुम्ही दोघींनी मला काय समजलात? मोडलं ते माझं हाड. डोकं शाबूत आहे.

नोव्हेंबर महिना. कोंबड्या पिसं गाळून बसलेल्या. या दिवसांत माझ्या खुराड्यातून आठवड्याला एक अंडं निघालं तर मी ते काकूंना दाखवायला न्यायचो. आणि थोरली लिहिते, रोज चार! कालही चार, आजही चार! तिला हे माझ्याइतकंच माहीत आहे. ती आता म्हणते की तिने मुद्दाम तसं लिहिलं. तुला कळणार नाही आणि मला कळेल, अशी अक्कल चालवली. स्वतः काही सांगितलं नाही असंही झालं, आणि मला समजलं असंही झालं.

समजलं की! वाचताक्षणी समजलं की घरातलं काहीतरी गेलंय. पण काय गेलंय?

कोंबड्या गेल्या असं माझ्या मनातही आलं नाही. कोंबडी मेली तर थोरली सरळ लिहिते, आबा, अमकी मेली, पेरूखाली पुरली. तुमची आई गेली तेव्हासुद्धा सगळे गोलगोल बोलत होते, हिने समोर उभं राहून सांगितलं होतं. तेव्हा जी मुलगी माझ्याशी खोटं बोलली नाही ती आता बोलते, म्हणजे तिचंच काहीतरी आहे. त्यात शेवटी लिहिलेलं, माझी प्रकृती बरी आहे. हे तिने आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. मला वाटलं, थोरली मोठ्या दुखण्यात पडलीय, आणि तू तिच्याकडून अंथरुणात हे लिहून घेतलंयस. मी तुला विचारायचो, आवाज कसा होता तिचा. तू म्हणायचीस मजेत, आणि तोंड फिरवायचीस. आणखी काय समजायचं होतं मी?

जिन्यावर चढउतार करत होतो तेव्हा तू टाळ्या वाजवत होतीस. आठवतंय? मी थोरलीच्या मयताला तरी वेळेवर पोचावं म्हणून चालायला शिकत होतो.

बसमध्ये सगळा रस्ता तिच्याशी मनात बोलत आलो. दारातून आत आलो तर बाई परसात खराटा घेऊन उभी. धडधाकट. थोडी जाडच झालेली. मला म्हणते, "आबा, तुम्ही कसे आलात?" त्या नव्या पायरीवर बसलो आणि जो ओरडायला लागलो तो चार घरं बाहेर येऊन बघत होती. काकू पाणी घेऊन आल्या, त्यांनाही बोललो.

मग त्या पाचजणींचं कळलं. तांबडीबद्दल मी काही लिहिणार नाही. लिहायला गेलो तर जावईबापूंना जे लिहू नये ते लिहीन. पायरी त्यांनी अगदी सरळ रेषेत बांधलीय, फिटरच्या डोळ्याला खोट सापडेना. त्याचाही राग येतो.

एक सांगतो. माझी कोंबडी कोणी नेली याच्यापेक्षा मला न विचारता नेली याचा राग जास्त आहे. मी कुठे राहायचं, मला काय सांगायचं, किती अंडी सांगितली की मी किती पावलं टाकीन, हे तुम्ही दोघी आपसात ठरवत होतात. एकमेकींच्या उरावर बसून भांडलात, आणि मला फसवायला मात्र एक झालात! मी इथेच राहणार. मास्तरीण आणि राणीसाहेब आणखी दोन-तीन वर्षं एकही अंडं न देता जगतील. मलाही तसंच जगायचंय, आणि त्याबद्दल कोणाचं काही ऐकून घ्यायचं नाही.

थोरलीला सगळं बोलून झालं. तिने मान खाली घालून ऐकलं, रडली, आता माझ्या अंघोळीचं पाणी काढतेय. इतकं गरम की विचारू नको. तुझ्या वाट्याचा राग तसाच शिल्लक आहे, तो मी कोणाला देणार नाही. पत्रात तो मावायचा नाही. रविवारी ये, समोर बस, आणि तो घेऊन जा.

आबा